वाक्य बरोबर, अर्थ दोन: इंग्रजीच्या क्लासमधला चिठ्ठ्यांचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि बारा मिनिटं त्याच्यावरच बोललो. तरी बरंच राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितोय. जे स्वतः इंग्रजी शिकवतात, किंवा दुकानात-वर्कशॉपमध्ये आपल्या माणसांचे मेल तपासून देतात, त्यांना हा लेख जास्त उपयोगी पडेल. इंग्रजी वाक्यं मुद्दामच देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्याने वाचा, कानाला ऐकू द्या. कारण ऐकताना स्वल्पविराम दिसत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथेच कळतो.

आधी ते वाक्य कुठून आलं ते सांगतो. त्यात चूक माझी होती.

आमच्या संध्याकाळच्या क्लासला एक दादा येतात. भोसरीला त्यांचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, गोदामांसाठी लोखंडी रॅक बनवतात. त्यांना बंगळूरची एक ऑर्डर मिळाली. रॅकचे सांगाडे जड, ट्रकमधून उतरवायला क्रेन लागणार. फोनवर बोलणं झालं होतं की क्रेन पार्टीने बघायची. दादांनी कन्फर्मेशनचा मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. मी लाल पेन घेऊन बसलो. दोन ठिकाणी 'द' घातला, 'डिस्कस्ड अबाउट'मधला 'अबाउट' काढला, एक स्पेलिंग सुधारलं आणि म्हटलं, "पाठवा, एक नंबर झालाय."

त्यातलं तिसरं वाक्य असं होतं: 'ॲज डिस्कस्ड, वी विल हॅव टू अरेंज अ क्रेन फॉर अनलोडिंग.'

व्याकरणाची एकही चूक नाही. ट्रक बंगळूरला पोचला, क्रेन नाही. समोरचा म्हणाला, "तुमचाच मेल आहे, 'वी विल हॅव टू अरेंज' असं तुम्हीच लिहिलंय." आणि कागदावर त्याचं बरोबरच होतं. ट्रक दीड दिवस उभा राहिला. क्रेनचं भाडं आणि ट्रकचा खोळंबा धरून साडेअठरा हजार रुपये दादांच्या खिशातून गेले. त्या ऑर्डरमध्ये नफा किती होता हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या सोमवारी ते क्लासला आले आणि एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही तर तपासलं होतं ना?"

त्या रात्री मी तो मेल परत काढून बसलो. दादांच्या डोक्यातलं मराठी वाक्य होतं, 'आपल्याला क्रेनची व्यवस्था करावी लागेल.' पार्टीला तोंडावर 'तुम्हाला करावी लागेल' म्हणणं आपल्याकडे जरा उद्धट वाटतं, म्हणून आपण 'आपल्याला' म्हणतो. या शब्दात 'आपण दोघं' बसतं आणि आदराने म्हटलेलं 'तुम्हाला'सुद्धा बसतं. समोरच्याला सोडून 'आम्हाला' असा अर्थ मात्र धंद्याच्या बोलण्यात कुणी घेत नाही. (टपरीवर 'आपल्याला नाय जमणार' म्हणतो तेव्हा 'आपण' म्हणजे मी एकटा. तो वेगळा विषय.) इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यात फरकच नाही. दोन्हींना 'वी'. आणि लेटरहेडवरून गेलेल्या मेलमध्ये 'वी' आलं की वाचणारा विचारही करत नाही. वी म्हणजे मेल पाठवणारी कंपनी.

तेव्हापासून मी चुकांचे दोन ढीग करायला लागलो.

पहिल्या ढिगातल्या चुका वाचणाऱ्याला खटकतात, पण तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. 'मायसेल्फ अमुक अमुक', 'आय ॲम हॅविंग टू ब्रांचेस', 'ही डोन्ट नो', 'डिस्कस अबाउट'. लोक हसतील कदाचित. पण 'आय ॲम हॅविंग टू ब्रांचेस' वाचून कुणी तीन ब्रांच समजल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. दुसऱ्या ढिगातल्या चुका खटकतच नाहीत. वाचणारा एक अर्थ घेतो, ठामपणे घेतो, आणि दुसरा अर्थ असू शकतो हे त्याच्या गावीही नसतं. माझी सगळी लाल शाई पहिल्या ढिगावर खर्च होत होती. पैसे दुसऱ्या ढिगातून जात होते.

आपल्याला शाळेत शिकवलंच तसं गेलंय. 'करेक्ट द सेंटेन्स' असा प्रश्न असायचा, वाक्यात एक चूक दडवलेली असायची, ती शोधली की एक मार्क. पण 'या वाक्याचे दोन अर्थ सांगा' असा प्रश्न तुम्हाला कधी आला होता? मला तरी नाही. मोबाइलमधली व्याकरण तपासणारी ॲप्सही बहुतेक याच पद्धतीने चालतात. दादांचं ते वाक्य मी नंतर अशा एका ॲपमध्ये टाकून पाहिलं. हिरवी खूण आली.

तर आता चिठ्ठ्यांचा धडा. याला फळा आणि कागदाचे कपटे सोडून काही लागत नाही.

फळ्यावर एक वाक्य लिहा. आमच्याकडे मी हे लिहिलं: 'वी विल सेंड द मटेरियल ऑन मंडे इफ पेमेंट इज डन वी विल गिव्ह फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट.' पूर्णविराम कुठेच नाही. व्हॉट्सॲपवर रोज असंच लिहिलं जातं. मग सगळ्यांना सांगा, बोलायचं नाही, शेजारच्याच्या कागदात बघायचं नाही, आणि शब्दाला शब्द भाषांतरही करायचं नाही. प्रश्न एकच: हा मेसेज तुम्हाला आला तर तुम्ही काय धरून चालाल? मराठीत लिहा.

चौदा चिठ्ठ्या आल्या. नऊ जणांनी लिहिलं, सोमवारी माल येणारच आहे, आणि पेमेंट केलं तर पाच टक्के सूट मिळेल. पाच जणांनी लिहिलं, पेमेंट केलं तरच सोमवारी माल येईल, आणि पाच टक्के सूट तर आहेच. मी त्या टेबलावर दोन गठ्ठ्यांत मांडल्या आणि गप्प बसलो. मग वर्गाची जी भांडणं सुरू झाली, ती कुठल्याही पुस्तकातल्या धड्यापेक्षा भारी होती. 'अहो सरळ दिसतंय ना' हे दोन्ही बाजूंचे लोक म्हणत होते.

शेवटी पूर्णविराम 'मंडे'नंतर द्यायचा की 'डन'नंतर, एवढाच प्रश्न उरला. रन-ऑन सेंटेन्स म्हणजे दोन वाक्यं एकमेकांत घुसवणं, ही व्याख्या मी पूर्वी तीन तास शिकवायचो आणि चौथ्या दिवशी सगळे विसरायचे. या वेळी एका टिंबाने माल कधी निघणार ते बदलतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. प्रत्येक रन-ऑन धोक्याचं नसतं. पण मधला तुकडा मागच्याला चिकटतो की पुढच्याला हे कळत नसेल, तर ते पहिल्या ढिगातून उचलून दुसऱ्यात टाका.

हा धडा घेताना दोन पथ्यं पाळा. पहिलं म्हणजे, ज्याने वाक्य लिहिलं त्याने तोंड उघडायचं नाही. तो लगेच 'मला असं म्हणायचं होतं' सुरू करतो. मेल गेल्यावर आपण त्याच्याबरोबर बंगळूरला जाऊन समजावून सांगत नाही. दुसरं पथ्य मी साडेअठरा हजारांत शिकलो: ज्याला व्यवहार माहीत आहे, त्याच्याकडून वाक्य तपासून घेऊ नका. फोनवर काय ठरलं ते दादांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे मी वाक्य वाचलंच नाही, मला माहीत असलेली गोष्टच त्यात पाहिली. शिक्षकाची ही मोठी अडचण असते. विद्यार्थ्याला काय म्हणायचंय ते आपल्याला कळतं, म्हणून ते त्याने लिहिलंय असंच आपल्याला वाटतं.

आता हे आपल्या लोकांच्या बाबतीत नेमकं कुठे होतं ते बघू. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून फिरतो. 'गिऱ्हाइकाने दुकानदाराला फसवलं' आणि 'दुकानदाराला गिऱ्हाइकाने फसवलं', शब्द कसेही फिरवा, फसवणारा गिऱ्हाईकच राहतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की फसवणारा बदलला. तिथे विभक्तीचं काम जागा करते. आपण विचार मराठीत करतो, शब्द हाताला लागतील तसे ठेवतो, आणि प्रत्यय मागेच राहून जातो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'ओन्ली'. घरून केक बनवणाऱ्या एका ताईंनी स्टेटसला टाकलं होतं: 'वी ओन्ली डिलिव्हर इन हिंजवडी ऑन संडेज.' चिठ्ठ्यांत तीन अर्थ आले. हिंजवडीत आम्ही रविवारीच देतो. रविवारी आम्ही हिंजवडीतच देतो. आणि एका पोराने लिहिलं, रविवारी हिंजवडीत आम्ही डिलिव्हरीच करतो, म्हणजे त्या दिवशी दुकानावर विक्री बंद. ताईंचा अर्थ पहिला होता. रविवारी वाकडच्या ऑर्डरी का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना क्लासमध्ये मिळालं.

मराठीत यासाठी आपल्याकडे 'च' आहे. जगातल्या कुठल्याही भाषेला हेवा वाटावा असा हा प्रत्यय. रविवारीच, हिंजवडीतच, आम्हीच, देतोच. ज्या शब्दाला चिकटला, जोर त्याच्यावर. शंकाच नाही. म्हणून मी वर्गाला सांगतो, आधी वाक्य मराठीत म्हणा आणि 'च' कुठे लागतोय ते बोटाने दाखवा. मग इंग्रजीत त्याच शब्दाच्या अगदी पुढ्यात 'ओन्ली' ठेवा. 'इन हिंजवडी, वी डिलिव्हर ओन्ली ऑन संडेज.' आपल्या सवयीने 'च' मागून येतो, म्हणून आपण 'टुडे ओन्ली', 'कम टुमॉरो ओन्ली' म्हणतो. बोलताना चालतं, आपल्याकडे सगळ्यांना कळतं. लिहिताना मात्र तो शब्दाच्या आधी न्या. आणि क्रियापदाला तर चिकटवूच नका, तुम्हाला खरंच क्रियापदावर जोर द्यायचा असेल तेवढं सोडून.

दुसरी जागा म्हणजे वाक्याच्या सुरुवातीचा 'इंग'. 'आफ्टर रिसीव्हिंग द पेमेंट, द गुड्स विल बी डिस्पॅच्ड.' हे वाक्य आपल्या प्रत्येक कोटेशनवर असतं. व्याकरणाची पुस्तकं याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात आणि पोरं ते नाव पाठ करून मोकळी होतात. मी नाव नंतर सांगतो. आधी मराठीतल्या दोन जोड्या लिहितो: 'पेमेंट मिळाल्यावर माल निघेल' आणि 'पेमेंट घेऊन माल निघेल'. दुसरं वाचलं की वर्ग हसतो, कारण माल स्वतःच गल्ल्यावर जाऊन पैसे घेतोय असं वाटतं. का? 'ऊन' लावलं की दोन्ही कामं करणारा एकच असावा लागतो. 'ल्यावर'ला ती अट नाही. आता गंमत अशी, की आपण 'ल्यावर' डोक्यात ठेवून इंग्रजीत 'इंग' लावतो, आणि वाक्याच्या सुरुवातीला आलेला 'इंग' हा बहुतेक वेळा आपल्या 'ऊन'सारखा वागतो. एवढं एक कळलं की निम्मा वर्ग पुढच्या मिनिटाला स्वतःच्या जुन्या कोटेशनमधल्या चुका शोधायला लागतो.

मालाने पेमेंट घेतलं तरी कुणाचं नुकसान होत नाही, ते पहिल्या ढिगातलं. पण हे बघा: 'आफ्टर इन्स्पेक्टिंग द मटेरियल, पेमेंट विल बी रिलीज्ड.' तपासणार कोण? तुमचा माणूस, त्यांचा इंजिनिअर, की बाहेरची एजन्सी? आणि कधी? करणारा वाक्यातून गायब झाला, आणि त्याच्याबरोबर तुमच्या पैशांची तारीखही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पेमेंटसाठी २००६ च्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा आहे. ते दिवस कधीपासून मोजायचे हे कायद्याने मोघम सोडलेलं नाही. माल प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिवसापासून, आणि घेणाऱ्याने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून. कायदा लिहिणाऱ्याला जे सुचलं ते आपल्या पर्चेस ऑर्डरवर का नसावं? 'यूअर इंजिनिअर विल इन्स्पेक्ट द मटेरियल विदिन थ्री डेज ऑफ डिलिव्हरी.' कोण, काय, किती दिवसांत, कशापासून. 'विदिन थ्री डेज' एवढंच लिहून थांबू नका. 'कशापासून' हा शब्द वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्या.

तिसरी जागा सर्वनामाची. 'रमेश टोल्ड सुरेश दॅट हिज चेक हॅड बाउन्स्ड.' कुणाचा चेक? मराठीत आपण सहज म्हणतो, 'रमेश सुरेशला म्हणाला की माझा चेक बाउन्स झाला' किंवा 'तुझा चेक बाउन्स झाला'. 'की'च्या पुढे जे तोंडून निघालं तेच ठेवायची मुभा मराठीत आहे. इंग्रजीचं रिपोर्टेड स्पीच 'माझा' आणि 'तुझा' दोघांनाही 'हिज'च्या एकाच पोत्यात भरतं. व्हॉइस आणि नॅरेशनचे धडे आपण घोकून घेतो, पण त्यात माणूस हरवतो हे सांगत नाही. उपाय साधा आहे: नाव परत लिहा. 'सुरेशेस चेक'. एकच नाव दोनदा आलं तर वाईट दिसतं, हे निबंधासाठी ठीक. 'प्लीज सेंड द इन्व्हॉइस अँड द चलान अँड कन्फर्म द सेम' यातला 'द सेम' पण त्याच जातीचा. मी तो शब्द क्लासमध्ये बंदच करून टाकलाय.

आता स्वल्पविराम. याच्यावर लोक म्हणतात, सर, एवढ्याशा खुणेने काय होतंय? त्यांना मी अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट सांगतो. तिथल्या ओखर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. राज्याच्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता, आणि त्या यादीचा शेवट होता 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही. मग वगळलं काय? 'शिपमेंटसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग' हे एकच काम, की 'शिपमेंटसाठी पॅकिंग' आणि 'वितरण' अशी दोन? ड्रायव्हर वितरण करत होते, पॅकिंग नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध आहे म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. मराठीत हा घोळ करायलाच अवघड, कारण 'साठी' कुणाला लागलाय ते दिसतं. मात्र 'चिवडा आणि चकली किंवा लाडू' असं दिवाळीच्या ऑर्डरवर लिहिलं तर मराठीतही तीच बोंब. प्रत्येक डब्यात चिवडा हवाच आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पॅकिंगला हात लावू नका.

कधी कधी वाक्यात काहीच बिघडलेलं नसतं, शब्दच दोन वस्तूंना लागू पडतो. याची जुनी गोष्ट तर आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १८६४ चा इंग्लंडमधला खटला, रॅफल्स विरुद्ध विशेलहाउस. सौदा होता सुरती कापसाच्या १२५ गाठींचा, आणि माल 'मुंबईहून पिअरलेस जहाजाने' येणार असं लिहिलेलं. घोळ असा, की मुंबईहून पिअरलेस नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. डिसेंबरच्या जहाजाने माल आला, घेणाऱ्याने नाकारला, आणि कोर्टाने निकाल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. त्या वाक्यात कुठल्याही शिक्षकाने काय दुरुस्त केलं असतं? काही नाही. तारीख विचारली असती, तर मात्र वाचलं असतं.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २९ हेच सांगतं: ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. त्याखालचं उदाहरण मी हमखास वर्गात देतो. एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं, कुठलं तेल ते कुठेच नाही, तर करार गेला. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच्या धंद्यावरून अर्थ लागतो आणि करार टिकतो. यावरून वर्गात छान चर्चा होते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'नेहमीचं पाठवतो' चालतं, कारण धंदा अर्थ पुरवतो. नव्या पार्टीला चालत नाही.

एका हुशार मुलाने विचारलं होतं, "सर, मुद्दाम मोघम लिहिलं तर? डिलिव्हरीची तारीख नक्की नसेल तर 'बाय नेक्स्ट फ्रायडे' लिहून टाकायचं, दोन्ही शुक्रवार आपलेच." वर्ग हसला. प्रश्न खोटा नव्हता, धंद्यात हे सगळेच करतात. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावायचा, असं एक जुनं तत्त्व कोर्टात वापरलं जातं, त्यामुळे दोन शुक्रवारांतला कुठला आपला ठरेल ते आपण नाही ठरवणार. दोन, तारीख माहीत नसेल तर 'तारीख गुरुवारी कळवतो' हे वाक्य उपलब्ध आहे. तेही स्पष्टच आहे.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. दोन महिने हा धडा केल्यावर काही जण घाबरून वकिली इंग्रजी लिहायला लागले. चहाच्या ऑर्डरलाही 'द बायर हिअरबाय'. अहो, प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ ताणून काढता येतात. माझ्याच चॅनलवर 'स्मॉल बिझनेस ट्रेनर' लिहिलंय. छोट्या धंद्यांचा ट्रेनर की धंद्याचा छोटा ट्रेनर? माझी उंची पाहता दोन्ही बरोबर, आणि कुणाचं नुकसान नाही. ते तसंच राहू दे. आमचा नियम असा, की ज्या वाक्यात पैसा, तारीख, संख्या किंवा 'हे काम कोण करणार' आहे, तेवढ्याच वाक्यांची चिठ्ठी काढायची. दहा ओळींच्या मेलमध्ये अशी दोन-तीनच असतात.

मार्क देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी चुकीला अर्धा मार्क कापायचो. आता विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या वाक्यात खरा दुसरा अर्थ शोधला तर शोधणाऱ्याला एक मार्क, आणि लिहिणाऱ्याने एकाऐवजी दोन वाक्यं लिहून, दोन्ही अर्थ वेगवेगळे मांडले तर त्यालाही एक. दोन्ही अर्थ लिहिता आल्याशिवाय हवा तो अर्थ पक्का करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. स्पेलिंगला मी शेवटी हात लावतो, आणि 'मायसेल्फ'ला तर तिसऱ्या महिन्यात.

दादा अजून येतात. बंगळूरची पुढची ऑर्डरही त्यांना मिळाली, वेगळ्या पार्टीची. या वेळच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं, 'यू विल अरेंज द क्रेन अँड पे फॉर इट.' मी म्हटलं, जरा कडक वाटतंय, सुरुवातीला 'प्लीज नोट दॅट' घाला. त्यांनी घातलं. पण मला दाखवायच्या आधी त्यांनी तो मेल नववीतल्या मुलीला वाचायला दिला होता, आणि तिला एकच प्रश्न विचारला होता, "क्रेन कोण आणणार?"

पुढच्या व्हिडिओपर्यंत ही चार वाक्यं घरी करून बघा. प्रत्येकाचे किमान दोन मराठी अर्थ लिहा, आणि घरात धंद्यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसालाही लिहायला सांगा.

'वी सप्लाय ओल्ड मशीन्स अँड स्पेअर पार्ट्स.'

'ऑल सायझेस आर नॉट अव्हेलेबल.' इथे 'च' कामाला येईल.

'प्लीज सेंड द बिल टू द मॅनेजर हू विल बी इन नाशिक ऑन फ्रायडे.' शुक्रवार कशाचा, ते बघा.

'द पार्टी डिड नॉट कॅन्सल द ऑर्डर बिकॉज ऑफ द प्राइस.' हे शेवटचं जरा वेळ देऊन करा. ऑर्डर अजून आहे की गेली, यावरच आमच्या वर्गात सात विरुद्ध सात चिठ्ठ्या पडल्या होत्या.